गुटगुटीत

"रडली तर रडू दे. पाय घट्ट धर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुई उचलली.

टेबलावरचं बाळ गुलाबी झबल्यात होतं. इतकं गुटगुटीत, की झबलं काखेत काचत होतं. काट्यावरचा आकडा तर नजर लागावी असा. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मागच्या वर्षी या वस्तीतली पोरं म्हणजे नुसती हाडं आणि कातडी. मग त्यांनी एकेका आईला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायला सुरुवात केली. काही महिन्यांत वजनं वाढली. बाहेरची रडारडसुद्धा थांबली. चार शब्द सुनावल्याशिवाय माणूस वठणीवर येत नाही, असं त्या वरच्या साहेबांनाही सांगून आल्या होत्या.

खरं तर पोरांना त्या क्वचितच हात लावत. नर्सताई बाहेर वजन करायच्या, टोचायच्या आणि आकडा आत पाठवायच्या. बाईंना वजनं तोंडपाठ, तोंडं मात्र एकही नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण शेळ्या नीट चालल्या की कोण विचारतंय? आज नर्सताई तापाने घरी होत्या, म्हणून सुई बाईंच्या हातात आली.

त्यांनी लंगोट सोडला. तेवढ्यात आईने त्यांचं मनगट पकडलं.

"नको बाई! याला मघाशीच टोचलंय!"

मांडीवर कापसाचा बोळा होता, त्यावर चिकटपट्टी. ती बाईंनीच लावली होती, थोड्या वेळापूर्वी, निळ्या झबल्यातल्या एका मुलाला. आणि समोर होता तोही मुलगाच.

बाईंनी सुई खाली ठेवली.

"हा कोणाचा?"

"जाऊबाईंचा."

"आणि तुझी मुलगी?"

"घरी. आधी आणायचे ना मी तिला. पण वजनच भरेना. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पोसता येत नाही तर जन्माला घालता कशाला. मग नाही आणली."

"नर्सताईंनी चालवून घेतलं?"

"आकडा कमी आला की त्याही बोलणी खायच्या की, बाई."

बाईंना राग यायला हवा होता. तो येईना. नुसती भीती वाटत होती.

"मुलगी कशी आहे आता?"

आईचा चेहरा उजळला. "गुणाची झालीय हो. हल्ली रडत नाही. दूधसुद्धा मागत नाही. नुसती झोपून असते."

असं मूल किती वेळ तग धरतं, ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी झडप घालून बॅग उचलली. "चल. घर दाखव. आत्ताच्या आत्ता!"

आई मुलाला कडेवर घेऊन पडद्याबाहेर गेली. बाई मागोमाग निघाल्या आणि पडदा हातात धरून तिथेच थबकल्या. बाहेर बाकावर बायका ओळीने बसल्या होत्या, अगदी शिस्तीत, शांत. एकीच्याही मांडीवर मूल नव्हतं.

पहिली लगबगीने उठली. तिच्या हातात पिवळं झबलं होतं.

"झालं ना तुझं? दे त्याला लवकर. आता माझा नंबर."