पन्नासच्या आत

मखायाने लुबाबालोचं दुसरं बोट मोडलं तेव्हा कोठडीतल्या बाकीच्यांनी भिंतीकडे तोंडं फिरवली.

"अजून आठ आहेत," मखाया म्हणाला. "कार्ड बदल."

शहरातून नर्स आली होती. तुरुंगातल्या एड्सच्या रोग्यांची ही पहिलीच तपासणी. आजाराशी लढणाऱ्या पेशी रक्तात किती उरल्यात, ते मोजायचं. आकडा दोनशेच्या खाली आला तर गोळ्या. पन्नासच्या आत आला तर शिक्षा माफ, मरायला घरी.

लुबाबालो पन्नासच्या आत असणार हे सगळे धरूनच चालले होते. आधीच काटकुळा, त्यात खोकला. मखाया मात्र बैलासारखा. दोन खून, सोळा वर्षं बाकी. हल्ली घसा दुखतो म्हणून मक्याचा घाटा अर्धा टाकायचा, एवढंच.

"मला आईजवळ मरायचंय, भाऊ," लुबाबालो म्हणाला.

"इथे मर. सोबत भरपूर आहे."

तिसरं बोट हातात धरल्यावर लुबाबालोने कार्ड दिलं. कुणीही दिलं असतं.

तपासणीच्या कार्डावर नुसतं नाव असायचं, फोटो नसायचा. लुबाबालो मखायाचं कार्ड घेऊन नर्ससमोर बसला.

"मखाया?"

"हो, सिस्टर."

"बोटांना काय झालं?"

"दारात सापडली."

मग मखायाने लुबाबालोचं कार्ड पुढे केलं आणि बाही वर सारली. तो दंड बघून नर्सला हसू आलं.

"काय रे लुबाबालो, इथलं जेवण मानवलेलं दिसतंय."

"तुमची कृपा," मखाया म्हणाला.

कोठडीत परतल्यावर त्याने लुबाबालोला पुन्हा बुकललं, तोंड बंद राहावं म्हणून. एक दात पडला. लुबाबालो त्या रात्री आईचं नाव घेत रडला, आणि त्यासाठीही त्याने लाथ खाल्ली.

दोन आठवड्यांनी वॉर्डर कागद घेऊन दारात उभा राहिला.

"मखाया. चारशे सत्तर. ठणठणीत आहेस, गोळ्यासुद्धा नाहीत तुला."

मखायाने उठून थेट लुबाबालोचा गळा धरला. लुबाबालोचे डोळे पांढरे झाले. वॉर्डरने मखायाच्या डोक्यात दंडुका घातला, तेव्हा कुठे पकड सुटली.

"सोड त्याला. त्याचं सामान बांधायचंय. लुबाबालो, अकरा. चल, घरी."

मखाया जमिनीवर बसून राहिला. कपाळावरून रक्त ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"अकरा?" त्याने हळूच विचारलं. "नक्की?"

"तुला काय त्याचं?" वॉर्डर म्हणाला. "तुझे चारशे सत्तर."