ऐकण्याचा सराव

विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला तीन आठवडे उरले होते. शिवणकाम करणारी आई महिनाभर इस्पितळात होती, म्हणून लेकीने अभ्यासही तिच्या कॉटशेजारच्या स्टुलावर आणला होता. इंग्रजी उतारे वाचताना ती अडत नसे. पण परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरं द्यायचाही भाग होता, आणि त्याच्या सरावासाठी इअरफोन घालून ऐकायला बसली, की सगळं डोक्यावरून जायचं. एकेक वाक्य ती चारचारदा मागे घेऊन ऐकायची आणि रडकुंडीला यायची.

"तोंडात गरम घास धरून बोलतात मेले," आई तिची समजूत काढायची. "तू हिंमत सोडू नकोस."

त्या सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. रिपोर्ट चाळून ते आईला कळू नये म्हणून सोबतच्या डॉक्टरांशी भरभर इंग्रजीत बोलले. आजार सगळीकडे पसरलाय, आता करण्यासारखं काही उरलं नाही, फार तर पंधरा दिवस. घरी न्यायला सांगा.

लेकीच्या कानांत इअरफोन होते, पण ते बंद होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिला इंग्रजीतला शब्द न् शब्द कळला.

डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेल्यावर आईने विचारलं, "काय गं म्हणाले?"

तिने कानांतले इअरफोन काढले. "तुला घरी सोडतायत, आई."

आईचा चेहरा उजळला. तिने लेकीचा हात घट्ट धरला.



"बघ, एवढं भरभर बोलले, तरी एका दमात कळलं ना तुला!"