तबनीच्या कपड्यांतली शेळी

देवळातल्या बड्या मांत्रिका, तू अहातुमला फसवलंस. तापाने फणफणलेल्या तिच्या लेकीशेजारी, तबनीशेजारी, तू रात्रभर शेळी निजवलीस. पहाटे पोरीचे कपडे चढवून ती शेळी अंगणात पुरलीस. "जोरात रडा, बायांनो! तबनी गेली असं मरणाला पटलं, की खरी पोर उठलीच समजा," म्हणालास. सगळी आळी तबनीच्या नावाने रडली.

दुपारी ताप उतरला. तबनी जवाची भाकर खायला बसली.

"तबनी, सावकाश गं, ठसका लागेल," अहातुम हसली.

पोरीने मान वर केली नाही. जबडा आडवा फिरवत ती चावत राहिली.

उत्तर आलं ते अंगणातल्या ताज्या मातीखालून. "आई, इथे एवढा अंधार का गं?"

मांत्रिका, आता बोल. त्या खड्ड्यात तू कोणाला पुरलंस?