‘रिव्हर्ट’ नव्हे, ‘रिप्लाय’

कॉलेजातले क्लार्क सोनटक्के यांनी सगळ्या स्टाफला इंग्रजीत मेल पाठवला: पत्नीचं ऑपरेशन आहे, बी निगेटिव्ह रक्त हवंय, कृपया ‘रिव्हर्ट’ करा.

इंग्रजीच्या सुहासिनी बर्वेबाईंना तो शब्द खटकला. “रिव्हर्ट म्हणजे पूर्ववत होणं. उत्तरासाठी ‘रिप्लाय’ लिहा,” असं त्यांनी सगळ्यांनाच पाठवलं.

सोनटक्क्यांचं लगेच उत्तर आलं. “चूक सुधारतो, मॅडम. कुणाचं रक्त मिळेल का, तेवढं बघाल?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचाच गट बी निगेटिव्ह होता, आणि मेल वाचताना ते मनातही आलं नव्हतं.

त्या रिक्षाने रक्तपेढीत पोचल्या. बाकावरून सोनटक्के धडपडत उठले. “मॅडम, त्या शब्दाबद्दल माफ करा. माझं इंग्रजी कच्चंच.”

मान खाली घालून त्यांनी बाही वर सरकवली.