सुईवरचा पाक

मेपलच्या झाडांचा रस वर्षातून तीनच आठवडे वाहतो, आणि नेमकं तेव्हाच आमच्या जुन्या लॅपटॉपचं नेटवर्क गेलं. झाडांचा रस खाली आणणारी जंगलातली कुठली नळी गळतेय, हे तोच सांगायचा. रस बर्फात सांडत होता. “सूनबाई, काल वायर तूच ओढलीस!” सासरे ओरडले. मी लॅपटॉपच्या नेटवर्क पोर्टमध्ये सुई घातली आणि पिनांवरचा काळपट चिकट थर खरवडून काढला. वायर खोचताच हिरवा दिवा लुकलुकला. पडद्यावर सतरा नंबरची नळी लाल झाली. नवरा पक्कड घेऊन पळाला; मी हुश्श केलं. सासऱ्यांनी सवयीने सुई जिभेला लावली. रस आटवून केलेला पाक हंगामातल्या कुठल्या दिवसांचा, हे ते चाखून सांगतात. “हा तर गेल्या हंगामातला शेवटचा...” ते थबकले. हंगामाच्या शेवटी निघणारा तो काळा पाक आम्ही विकत नाही. फक्त सासरे खातात, लॅपटॉपसमोर बसून. “वायर चांगलीय गं,” ते पुटपुटले.