सहा चाळीसची टकटक

"पुन्हा तिथेच अडकला बघ," मिलुतिन म्हणाला. "दर वेळी चौथ्या मिनिटाला. त्या जागी काहीतरी घुसलंय."

काय घुसलंय ते नेवेनाला ठाऊक होतं. अडतीस वर्षं ठाऊक होतं. ती कॉफीच्या कपाकडे बघत बसली.

टेबलावर मिलुतिनचा नवाकोरा लॅपटॉप होता. त्याला जोडलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये बोयानची कॅसेट होती. बोयान तिचा थोरला भाऊ. सतराव्या वर्षी त्यानं एका पोस्टमनचा गेम स्वतः लिहिला आणि रेडिओला पाठवून दिला. तेव्हा युगोस्लाव्हियात गेम रेडिओवर लागायचे. निवेदक म्हणायचा, टेप सुरू करा, आणि मग पाच मिनिटं नुसती कानठळ्या बसवणारी किरकिर. ती कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि कॉम्प्युटरला ऐकवायची, की गेम पडद्यावर हजर.

शहाऐंशीच्या जानेवारीत, एका संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला बोयानचा गेम लागणार होता. रेडिओला टेप जोडायची वायर घरात नव्हती. ती आणायला तो नदीपलीकडे आपल्या मित्राकडे, मिलुतिनकडे निघाला. तामिश नदी गोठली होती. पांचेवो गावातली सगळी पोरं बर्फावरूनच ये-जा करायची. जाताना तो घराची किल्ली विसरला, पण दहा वर्षांच्या बहिणीला दम द्यायला विसरला नाही.

"मला उशीर झाला तर रेडिओपुढे माइक धर. मग आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही. शिंकलीस ना, तर माझा गेम मेला म्हणून समज!"

त्याला उशीर झाला. तिनं माइक धरला. रेडिओ स्वयंपाकघरात, बाहेरच्या दारापासून चार पावलांवर. सहा चाळीसला दार वाजलं. टक, टक, टक. तिनं श्वास रोखला. थांब म्हणावं दोन मिनिटं, हुकूम तुझाच आहे, असं मनात म्हणून ती गालातल्या गालात हसलीसुद्धा. ते हसू तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

किरकिर थांबल्यावर तिनं धावत जाऊन दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. अर्ध्या तासानं बाबा आले, त्यांच्या मागून खालच्या मजल्यावरची स्ताना मावशी आणि तिचा नवरा योवान. मावशीनं तिला पोटाशी घट्ट धरलं. बोयानच्या पायाखालचा बर्फ फुटला होता. वायर त्याच्या खिशातच सापडली.

दार उघडत नाही म्हणून तो वेळ काढायला पुन्हा बर्फावर घसरत बसला असणार. दुसरं काय? आईबाबांना तिनं टकटकीचं कधी सांगितलं नाही. दोघं गेली, तरीही तिनं हे घर सोडलं नाही. आता कॅसेटची पट्टी झडायला लागली होती, म्हणून तिनं मिलुतिनला बोलावलं. आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला तो माणूस. हल्ली त्याला जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवायचं वेड लागलं होतं.

"हे बघ, तीन ठोके," पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून तो म्हणाला. "हे पुसून टाकतो. मग तुझा पोस्टमन पळत सुटेल."

"नको पुसूस."

"अगं, त्याशिवाय चालायचा कसा?"

"तो बोयान आहे, मिलुतिन. दार वाजवतोय. मी उघडलं नाही."

मिलुतिननं चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं तो कितीतरी वेळ पुसत राहिला.

"मी त्याला पुलावरून जा म्हटलं होतं," शेवटी तो म्हणाला. "पण फार जोर लावून नाही म्हटलं." मग चष्मा चढवून कामाला लागला. "बरं, पुसत नाही. बाजूला काढून ठेवतो."

ठोक्यांखाली दबलेली किरकिर त्यानं अंदाजानं, कणाकणानं भरून काढली. दोन तास गेले. मग पडदा निळा झाला आणि जिन्याच्या पायथ्याशी एक इवलासा पोस्टमन उभा राहिला. त्याच्या मागे कुत्रा लागला होता. कुत्रा कसला, चक्क इस्त्री दिसत होती. नेवेना खळखळून हसली आणि हसता हसता रडायला लागली.

"आता नीट ऐक," मिलुतिन म्हणाला. "गेमचा आवाज नेमका कसा असायला हवा, ते आता मला कळलंय. कॅसेटमधून तेवढा वजा केला, की उरेल ते तुमचं त्या दिवशीचं स्वयंपाकघर. ऐकायचंय?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

किरकिर नाहीशी झाली. आधी भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते कधीच भंगारात गेलं होतं. मग नळाचा थेंब. मग अगदी जवळ एका लहान मुलीचा दबका श्वास. नेवेना पुढे झुकली.

टक, टक, टक.

तिनं डोळे मिटून घेतले. ठोक्यांच्या पाठोपाठ, दाराबाहेरच्या अंधाऱ्या जिन्यातून कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं. किरकिरीत तेव्हा तिला ते ऐकूच आलं नव्हतं. आवाज स्ताना मावशीचा होता.

"दार वाजवू नकोस म्हटलं ना रे! पोर एकटीच आहे आत. बोयान गेला, हे आपण कोणत्या तोंडानं सांगायचं तिला? तिचा बाप येऊ दे. चल, खाली फाटकाशी थांबू."

मग लांबून, जिन्याच्या पार खालून, धापा टाकत योवानचा आवाज आला.

"अगं, मी कुठे वाजवलं? मी तर अजून जिनाच चढतोय."