लबाड लोखंड

"काकू, घरच्या जिमला हेच डंबेल न्या. तुम्ही दमलात की आपोआप हलकं होतं," दुकानदार म्हणाला. सगळं गाव असल्याच लबाड लोखंडावर पहिलवान झालं होतं.

शेवंताबाई भडकल्या. "लकवा मारलेले आमचे मालक होतात का हलके? वर्षभर छत बघत पडलेत. उचलून गॅलरीत बसवायचंय मला!"

दुकानाचं दार लागू नये म्हणून अडकवलेली जुनी डंबेलची जोडी त्यांनी ओढली. "ही द्या. ही खोटं बोलत नाही."

दिवाळीत त्यांनी नवऱ्याला, दत्तोबांना, बगलेत धरून उचललं आणि गॅलरीतल्या उन्हात बसवलं.

"मी वाळलो की काय गं?" दत्तोबा घाबरले.

"तुम्ही होता तेवढेच आहात," शेवंताबाई धापा टाकत हसल्या. "माझे दंड बघा की!"